घरात की घरांत

पान ८७, वरून अकरावी ओळ, शब्द ‘घरांत’. आदल्या रात्री मी हा अनुस्वार काढला होता. पक्कं आठवत होतं, कारण त्याच्यापाशी मी बराच वेळ थांबले होते. सकाळी फाइल उघडली तर तो पुन्हा ‘रा’च्या डोक्यावर.

हातातलं काम म्हणजे एका जुन्या प्रवासवर्णनाची नवी आवृत्ती. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे चौदा नियम शासनाने १९६२ साली स्वीकारले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार लिहिण्यातून गेले. हे पुस्तक त्याच्या कितीतरी आधीचं. त्यात नांव, गांव, कांहीं, नाहीं, केलें, गेलें असं पानोपानी. ते सगळं आजच्या वळणाचं करून द्यायचं, पण डोळे मिटून नाही. जुन्या लेखनात ‘घरांत’ म्हणजे एका घरातही आणि अनेक घरांमध्येही. आज ‘घरात’ आणि ‘घरांत’ हे दोन वेगळे शब्द आहेत. म्हणून संगणकाला सांगून सगळे अनुस्वार एकदम पुसता येत नाहीत. दर ठिकाणी मागची-पुढची वाक्यं वाचून ठरवावं लागतं, की लेखकाच्या डोळ्यांसमोर एक घर होतं का सगळी आळी. पान ८७वर मी एक घर ठरवलं होतं.

पुन्हा पुसायला गेले. कर्सर ‘रा’च्या पुढे नेला, बॅकस्पेस दाबली. काना गेला, टिंब तिथंच. अनुस्वार असता तर आधी तो गेला असता, कारण टाइप करताना तो कान्यानंतर येतो. मी काना परत घातला आणि मजकूर थोडा वर सरकवला. शब्द वर गेला. टिंब जागचं हललं नाही. खालून आलेल्या ओळीतल्या ‘वाटेत’मधल्या ‘वा’वर जाऊन बसलं.

दोष मजकुरात नव्हता, काचेत होता.

दोन पानं शेजारीशेजारी दिसावीत म्हणून मी फाइल लहान करून वाचते. त्या आकारात अनुस्वार एखाददोन पिक्सेलचाच उरतो, आणि पडद्यावरचा एक मेलेला पिक्सेल त्याच्यासारखाच दिसतो. इंग्रजी वाचणाऱ्याला तो ठिपका धुळीचा कण वाटला असता. देवनागरीत शिरोरेघेवरच्या टिंबाला अर्थ असतो. मुलाचा आणि मुलांचा, त्यात आणि त्यांत, देवाशी आणि देवांशी, यातलं कुठलं बरोबर हे ठरवण्यातच माझे दिवस जातात. त्यात लॅपटॉप स्वतःहून एक अनुस्वार घालायला लागला तर काय करायचं?

प्रूफं तपासायचं भिंग घरात होतंच. ते पडद्यावर धरलं. पांढऱ्या पानावर भिंग धरलं की पांढरं काही दिसतच नाही. तांबड्या, हिरव्या, निळ्या अशा बारीक उभ्या पट्ट्यांचं विणकाम दिसतं, आणि तिन्ही सारख्या पेटल्या की लांबून त्याला आपण पांढरं म्हणतो. १९२० गुणिले १०८० असा माझा पडदा, म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल आणि त्यांच्या तिप्पट, ६२,२०,८०० पट्ट्या. एक पिक्सेल मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याहूनही बारीक. त्या विणकामात एका ठिकाणी तीन टाके गळले होते. काळा चौकोन, कडा अगदी रेखीव. धूळ अशी चौकोनी नसते.

त्या आठवड्यात मी या पडद्यांविषयी मिळेल ते वाचलं. मागे पांढरा दिवा सतत जळत असतो. पुढे द्रवस्फटिकाचा, म्हणजे लिक्विड क्रिस्टलचा, पातळ थर, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना प्रकाश गाळणाऱ्या पापुद्र्यांची जोडी. दर पट्टीला स्वतःचा एक ट्रान्झिस्टर. तो जसा व्होल्टेज देईल तसे द्रवस्फटिकाचे रेणू वळतात आणि कमीजास्त उजेड पुढे सोडतात. माझा पडदा आयपीएस जातीचा. त्यात व्होल्टेज नसलं की वाट बंद असते, म्हणून ट्रान्झिस्टर मेला की काळा ठिपका. स्वस्तातल्या टीएन पडद्यांत बहुधा उलट असतं, तिथं मेलेला ठिपका उजळ राहतो.

या द्रवस्फटिकाच्या शोधाची गोष्ट मला फार आवडली. १८८८ साली प्रागमध्ये फ्रीड्रिख रायनिट्झर हा वनस्पतिशास्त्रज्ञ गाजरातून काढलेल्या कोलेस्टेरॉलच्या एका संयुगावर काम करत होता. ते १४५.५ अंश सेल्सिअसला वितळलं, पण गढूळ. आणखी तापवल्यावर १७८.५ अंशांना तो गढूळपणा एकदम निवळला. एका पदार्थाला दोन वितळबिंदू! नमुना अशुद्ध आहे म्हणून तो ओतून टाकता आला असता. त्याने तसं केलं नाही. ओटो लेमान या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाला पत्र लिहून त्याने विचारलं, हे काय आहे? गढूळपणा हा नमुन्याचा दोष नव्हता, तो पदार्थाचा स्वभाव होता. पुढे आपल्याकडेही या विषयात मोठं काम झालं. बंगळूरच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली चकतीसारख्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधले.

लॅपटॉप तेव्हा वॉरंटीत होता, दीड महिना शिल्लक. कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात गेले. काउंटरवरच्या मुलाने झाकण उघडलंच नाही. “मॅडम, एक पिक्सेल पॉलिसीत बसत नाही,” एवढं बोलून त्याने पुढचा टोकन नंबर पुकारला.

मला राग आला, आणि घरी येऊन मी ती पॉलिसी शोधून वाचली. तिच्यामागे एक इतिहास आहे. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं १३४०६-२ नावाचं २००१चं एक मानक होतं. त्यात पडद्यांचे चार वर्ग. पहिल्या वर्गात एकही दोष चालत नाही. दुसऱ्या वर्गात दर दहा लाख पिक्सेलमागे दोन कायम उजळ, दोन कायम काळे आणि पाच अर्धवट बिघडलेले चालतात. २००८मध्ये त्याची जागा आयएसओ ९२४१ या मालिकेने घेतली, आणि कंपन्यांनी आपापल्या मर्यादा ठरवल्या. बासष्ट लाख ट्रान्झिस्टर काचेवर घडवायचे आणि एकही वाया जाऊ द्यायचा नाही, हे किती अवघड आहे ते मला कळतं. आयुष्यभर चुका मोजणाऱ्या माणसाला ते कळायलाच हवं. माझी तक्रार आकड्याविषयी नाही. हा आकडा विकताना कोणी सांगत नाही, बिघडल्यावर सांगतात, हे मला पटत नाही. आणि ठिपका कोपऱ्यात आहे की वाचायच्या जागी मधोमध, याला त्या हिशेबात काही किंमत नसते.

म्हणून आता ओळखीत कोणी नवा लॅपटॉप घेतला की मी आवर्जून सांगते: पहिल्याच दिवशी, बदलून मिळायची मुदत असतानाच, पूर्ण पडदाभर एकेक रंग लावून बघा. पांढरा, काळा, तांबडा, हिरवा, निळा. पांढऱ्यावर मेलेले ठिपके दिसतात, काळ्यावर अडकलेले उजळ ठिपके आणि कडांमधून झिरपणारा मागचा उजेड. खोलीत अंधार करून पाच मिनिटं खर्च केली की झालं.

मैत्रिणीने उपाय सुचवला: रंग भराभर पालटणारा व्हिडिओ रात्रभर लावून ठेव, नाहीतर मऊ कापडाने ठिपक्यावर हलकं दाब. पहिला उपाय केला. तो एखाद्या रंगावर अडकलेल्या पट्टीला कधीकधी मोकळी करतो, मेलेल्या ट्रान्झिस्टरला उठवत नाही. माझा उठला नाही. दुसरा केला नाही, आणि कोणी करू नये असं मला वाटतं. काच पातळ असते. एका ठिपक्याच्या नादात शेजारचे पाच जायचे. मी फाइलची खिडकी थोडी डावीकडे सरकवली, म्हणजे ठिपका दोन पानांमधल्या समासात पडायला लागला. काम पुढे सुरू झालं.

जुलैत दुसरंच सुरू झालं. पाऊस लागला होता. एके दिवशी दुपारी पान थरथरलं. मग ओळी आडव्या सरकल्यासारख्या झाल्या, पडदा क्षणभर काळा झाला आणि परत आला. झाकण थोडं मागे केलं की थांबायचं, पुढे केलं की सुरू. दोन तासांत डोकं दुखायला लागलं. दोनशे चाळीस पानं बाकी, प्रकाशकांचा फोन दिवसाआड.

पुन्हा तेच सेवा केंद्र. वॉरंटी आता संपलेली. या वेळी झाकण उघडलं गेलं, पडदा थरथरताना दोघांनी पाहिला. “फ्लिकर आलं म्हणजे पॅनेलच. बदलावं लागेल. साडेअकरा हजार, वर टॅक्स.” मी विचारलं, झाकण हलवलं की कमीजास्त होतं, ते कसं काय? उत्तर आलं, “मॅडम, आम्ही रोज बघतो.”

मी लॅपटॉप उचलून परत आणला. साडेअकरा हजार माझ्यासाठी लहान रक्कम नाही. पण त्याहून जास्त लागलं ते हे, की मी सांगत होते त्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. झाकण हलवल्यावर बदलणारा दोष आणि न बदलणारा दोष एक कसे असतील?

नोकरीला लागले तेव्हा नारायण पेठेतल्या एका छापखान्यात मी प्रूफं वाचायचे. खिळ्यांची, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं जुळवून केलेली, छपाई अखेरच्या घटका मोजत होती, पण चालू होती. तिथल्या फोरमननी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, की कंपोझिटरची, म्हणजे खिळे जुळवणाऱ्याची, चूक आणि खिळ्याचा दोष वेगळा दाखवायचा. चुकीचं अक्षर लागलं असेल तर समासात बरोबर अक्षर लिहायचं. अक्षर बरोबर आहे, पण खिळा झिजून मात्रा उडाली असेल, अनुस्वार उठत नसेल, तर समासात फुलीची खूण. दोन्ही कागदावर सारखेच दिसतात, अनुस्वार नाही एवढंच दिसतं. तेव्हा फोरमन प्रूफ उजेडाशी तिरकं धरायला लावायचे. खिळा तिथं असेल तर कागदावर दाबाचा पुसटसा खड्डा दिसतो. खड्डा आहे आणि शाई नाही, तर खिळा बदला. खड्डाच नाही, तर कंपोझिटरला बोलवा. चांगल्या कंपोझिटरला खिळ्याच्या दोषासाठी बोल लागला तर ते स्वतः चिडायचे.

तिरका उजेड धरणारं कोणीतरी मला हवं होतं.

शेजारच्या सोसायटीतल्या एकांनी तपकीर गल्लीच्या बाजूचं एक दुकान सांगितलं. कोथरूडहून मेट्रोने निघाले, जिल्हा न्यायालयाला गाडी बदलून मंडईला उतरले आणि चालत बुधवार पेठेत शिरले. गणपती तोंडावर आलेले. गल्लीभर रोषणाईच्या माळा लटकत होत्या, प्रत्येक दुकानदार आपली माळ लुकलुकवून दाखवत होता, आणि त्यातून पोटाशी लॅपटॉप धरून वाट काढणं सोपं नव्हतं. दुकान जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर, लाकडी जिन्याने वर. दहा बाय दहाची खोली, टेबलावर निळी रबरी चटई, चुंबकी पाटीवर मांडलेले स्क्रू.

तिशीचा मुलगा. मी सगळं सांगितलं, पहिल्या ठिपक्यापासून. त्याने मधे एकदाही तोडलं नाही. मग म्हणाला, “काकू, आधी बाहेरच्या मॉनिटरला लावून बघू.” एचडीएमआयची वायर जोडली. मोठ्या मॉनिटरवर चित्र स्थिर, लॅपटॉपवर थरथर. “बाहेर नीट येतंय, म्हणजे बोर्ड शाबूत आहे.” मग बंद करून चालू करताना एक कळ दाबून त्याने बायोसचा निळा पडदा आणला. तिथंही थरथर. “विंडोज अजून सुरूच झालेलं नाही. म्हणजे ड्रायव्हरचं काही नाही.” मग झाकणाच्या मधोमध दोन बोटं धरून ते अगदी हळू पुढे आणायला लागला, कानाशी काही ऐकत असल्यासारखा. एका कोनाला पान हललं. थांबला. मागे नेलं, थरथर थांबली. तीनदा तेच केलं, तिन्ही वेळा त्याच जागी. “तुम्ही झाकण एका कोपऱ्याला धरून उघडता का?”

हो. डाव्या हाताने, डाव्या कोपऱ्याला. उजव्या हातात पेन असतं.

“मग डावी बिजागरी.”

खालचं झाकण काढल्यावर त्याने सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवला, मग चालू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरलं, उरलीसुरली वीज निघून जावी म्हणून. हे का, ते त्याने न विचारता सांगितलं. पडद्याकडे जाणाऱ्या वायरीतूनच मागच्या दिव्यालाही वीज जाते. बॅटरी जोडलेली असताना ती वायर काढली-घातली आणि पिन जरा तिरकी बसली, तर दिव्याचा फ्यूज उडतो. मग पडद्याची चौकट. कडेला थोडी गरम हवा, प्लास्टिकची पातळ पट्टी आत सरकवून टिक, टिक, टिक असे खटके सोडवत तो पूर्ण फिरला. एकही खटका तुटला नाही.

डाव्या बिजागरीशी ती वायर होती. वायर कसली, केसासारख्या तारांचा जुडगा, काळ्या कापडी टेपमध्ये गुंडाळलेला, बिजागरीभोवती वळण घेऊन वर गेलेला. वळणाच्या जागी टेप झिजून पांढरट झाला होता आणि आतल्या एका तारेचं तांबं उघडं पडलं होतं. त्याने माझ्या हातात भिंग दिलं. त्या दिवशी मला कोणीतरी दोष दाखवला. सांगितला नाही, दाखवला.

“वायर मुंबईहून लॅमिंग्टन रोडवरून मागवतो. मजुरीसकट अठराशे. तीन दिवस.”

आम्ही बोलत असतानाच एमपीएससीची तयारी करणारा एक मुलगा धापा टाकत वर आला. त्याच्या लॅपटॉपचा पडदा पूर्ण काळा. पंख्याचा आवाज येतोय, चालू झाल्याचा आवाज येतोय, दिसत काही नाही. नोट्स सगळ्या त्यात. दुकानदाराने दिवा मालवला, मोबाइलचा टॉर्च तिरका पडद्यावर धरला आणि मुलाला म्हणाला, “वाक, नीट बघ.” मीही वाकले. काळ्या काचेत खोल कुठेतरी, पाण्याखाली असावीत तशी, डेस्कटॉपवरची चिन्हं दिसत होती. फोल्डरची नावंसुद्धा लागत होती. “पॅनेल जिवंत आहे. मागचा दिवा लागत नाहीये एवढंच. कोणी उघडला होता का?” मित्राने उघडला होता, व्हिडिओ बघून, बॅटरी न काढता. त्या मुलाचा चेहरा सैल झाला. मला फोरमन आठवले, प्रूफ उजेडाशी तिरकं धरलेले.

निघताना मी ठिपक्याचं विचारलं. त्याने तोही भिंगातून पाहिला. “हा नाही जाणार, काकू. काचेतच आहे. पॅनेल बदललं तरच. पण याच्यासाठी बदलू नका.” नवं पॅनेल विकून त्याला चार पैसे जास्त सुटले असते.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केलं. कंपन्यांनी सुटे भाग, दुरुस्तीची माहिती ग्राहकापर्यंत पोचवावी हा हेतू. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली ग्राहक पंचायत सुरू केली ती याच पुण्यात, त्यामुळे इथल्या ग्राहकाला हक्क ही गोष्ट नवीन नाही. पण माझं काम अडलं होतं ते अर्ध्या मीटरहून लहान असलेल्या एका वायरीपाशी, आणि ती वायर वेगळी मिळते एवढं मला सेवा केंद्रात कळलं असतं तर दहा दिवस वाचले असते. भाग सुटा मिळत नाही म्हणून आख्खा पडदा जातो. आणि चांगला पडदा कचऱ्यात जातो, ते मला सहन होत नाही.

चौथ्या दिवशी लॅपटॉप आणला. जुनी वायर त्याने कागदात गुंडाळून बरोबर दिली. झाकण आता मी मधोमध धरून उघडते. पेन आधी खाली ठेवते. थरथर गेली. ठिपका आहे तिथंच आहे, आणि फाइलची खिडकी अजूनही दोन बोटं डावीकडे.

सप्टेंबरच्या अखेरीस शेवटचं वाचन चालू होतं. पान २१२, खालून चौथी ओळ, ‘गांवात’. ‘गा’वर टिंब. दिवसभराचे डोळे, रात्रीचे साडेदहा. मजकूर एक ओळ वर सरकवला. टिंब अक्षराबरोबर वर गेलं.

काढलं.